बंद केलेली वर्षं

"साहेब, हे परत चुकलंय," जुनी रजिस्टरं सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. मंगळवारची सकाळ, साडेदहा वाजलेले, चहा अजून गरम, आणि मी नोकरीतल्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच थोडा खुशीत होतो. चिठ्ठीवर पेन्सिलीने एक केस नंबर होता आणि त्याखाली एक ओळ: पेनिसिलिन चालत नाही. मला तो 'परत' खटकला. कॉम्प्युटरमध्ये एखादी गोष्ट चुकीची असते किंवा बरोबर असते. परत परत चुकायला ती काय पाढे म्हणणारं पोर आहे? मी म्हणालो, "बाई, चुकलंय तर दुरुस्त करा ना. तुम्हाला परवानगी आहे." "केलं होतं," त्या म्हणाल्या, "मार्चमध्येच केलं होतं. आता बघितलं तर पुन्हा जसंच्या तसं." आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या, दोन्ही हात पदराखाली घेऊन, जणू मी कपाटातून मार्च महिना काढून त्यांच्या हातात देणार होतो. मी चिठ्ठी उलटी करून पाहिली. माणूस वैतागला की कागद उलटा करून पाहतो, मागे काही नसतं हे माहीत असूनही. मागे काही नव्हतं. "बघतो," मी म्हणालो. हा शब्द मी दिवसातून चाळीस वेळा वापरतो आणि त्यातल्या एकोणचाळीस वेळा तो 'जा आता' असाच असतो. बाई गेल्या. चहा कोमट झाला होता.

आमच्या हॉस्पिटलात बेचाळीस वर्षांचे पेशंट आहेत. म्हणजे पेशंट नाहीत, त्यांच्या नोंदी. कोण कधी आलं, काय झालं होतं, काय कापलं, काय दिलं, कोणतं औषध अंगावर उठलं, आणि सगळ्यांचे एक्स-रे. पोटाचे, छातीचे, मोडलेल्या मनगटांचे, लाखांनी. ही सगळी माहिती डिस्कांच्या चार कपाटांत आहे आणि ती कपाटं माझ्या ताब्यात आहेत. ताब्यात म्हणजे काय, तर ती बिघडली की शिव्या मला. बिघडण्याची भीती म्हणून दर आठवड्याला सगळ्याची नक्कल काढायची, तिला बॅकअप म्हणायचं. माझ्या आधीच्या माणसाने हा रिवाज घालून दिला तेव्हा माहिती मूठभर होती. मी आलो तोवर नक्कल शुक्रवारी संध्याकाळी सुरू व्हायची ती सोमवारी दुपारपर्यंत संपत नसे. सोमवारी सकाळी बाहेर तीनशे माणसं रांगेत, आत मशीन धापा टाकतंय, केसपेपर उघडायला चार मिनिटं, आणि डॉक्टर लोक फोनवर माझा उद्धार करतायत. एकदा चिडून मी मोजलंच. आठवड्याभरात या पसाऱ्यातलं बदलतं किती? शंभर भागांतला अर्धा भागसुद्धा नाही. बाकीचं जिथल्या तिथे, हूं की चूं नाही. तीस वर्षांपूर्वी काढलेलं कुणाचं तरी अपेंडिक्स आम्ही दर शुक्रवारी भक्तिभावाने पुन्हा उतरवून घेत होतो. तो माणूस वारला असेल, त्याचा सर्जन वारला असेल, पण अपेंडिक्सची नक्कल चालूच. हे मी मोठ्या साहेबांना सांगितलं. मोठे साहेब म्हणजे आमचे प्रशासनप्रमुख. ते म्हणाले, "अहो, सगळं घेतलं की मनाला शांतता राहते." त्यांच्या मनाची शांतता आणि माझा सोमवार. वर्षभर मी पालथ्या घड्यावर पाणी ओतलं.

शेवटी त्यांच्या स्वतःच्या मेहुण्याचा केसपेपर एका सोमवारी उघडेना, तेव्हा घडा उताणा झाला. माझी योजना साधी होती आणि मी आजही सांगतो, योजना बरोबर होती. पाच वर्षांहून जुनी सगळी वर्षं बंद करायची. त्यांची एकदाच, नीट, तुकड्यातुकड्याने पडताळून नक्कल काढायची, दोन प्रती करायच्या, एक आमच्या तळघरात, दुसरी शहराच्या पलीकडच्या टोकाला. संपलं. मग रोज फक्त चालू वर्षांची नक्कल, अडीच तासांची. मी चौदा विभागांना पत्र पाठवलं: 'आपल्या विभागाकडून पाच वर्षांपूर्वीच्या नोंदींत बदल केले जातात काय?' तेरा विभागांनी 'नाही' लिहिलं आणि स्वयंपाकघराने 'लागू नाही' लिहिलं. मी ती पत्रं फाईलला लावली. फेब्रुवारीत वर्षं बंद झाली. आता एक गोष्ट, जी सांगताना अजून माझे कान तापतात. बंद म्हणायचं तर त्या वर्षांना खरोखरचं कुलूपही लावायचं असतं, म्हणजे कुणी बदल करायला गेलं तर मशीननेच 'नाही' म्हणावं. त्यासाठी सगळं दोन तास थांबवावं लागणार होतं आणि मोठ्या साहेबांची सही. ते म्हणाले, "तिथे हात लावायला कोण जातंय? उगाच कशाला?" आणि मी, जो घरातून निघताना दाराचं कुलूप तीनदा ओढून बघतो, 'बरं' म्हणालो. भांडून भांडून एक लढाई जिंकली होती, दुसरीचा कंटाळा आला होता. दाराला 'बंद' अशी पाटी लावली आणि दार नुसतं लोटून घेतलं.

सोमवार हलके झाले. माणसाला एका जागी यश आलं की तो तेच औषध सगळ्यांना पाजत सुटतो. मी ते ताईला पाजलं. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी, सहा तासांच्या अंतरावर एकटी राहते, आणि तिचा रोज संध्याकाळी फोन. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. त्यानंतर माझं सगळं ताईने केलं, शिलाई मशीनवर बसून. मला झोपेत अजून त्या पायडलचा आवाज येतो, थांबत थांबत चालणारा, आणि तो थांबला की लहानपणी मला जाग यायची. तर ही ताई फोनवर काहीही सांगायचं तर सगळं पहिल्यापासून सांगायची, आणि क्रम ठरलेला. आधी गच्चीवरची टाकी, ती गळते. मग जिना, त्याचा तिसऱ्या मजल्यावरचा दिवा. मग मशीन, त्यावर काय चाललंय, कुणाचा ब्लाउज, कुणाचे पडदे. मग गुडघा. मग समोरची, जिचा मुलगा परदेशी आहे आणि तो कसा फोन करत नाही, इथे एक जरा लांब विराम. आणि सगळ्यात शेवटी, पंचविसाव्या मिनिटाला, आज जे काही नवीन घडलं असेल ते, एका वाक्यात. टाकीसुद्धा एकदा दुरुस्त झाली होती, तरी यादीतून गेली नाही. 'टाकी आता गळत नाही' अशी राहिली. मार्चमध्ये एकदा मी ऑफिसातून निघत होतो, हातात पिशवी, खांद्याशी फोन धरलेला, आणि ती टाकीवर आली. मी म्हणालो, "ताई, हे सगळं मला पाठ आहे गं. जे नवीन असेल तेवढंच सांगत जा ना." ती थांबली. मग म्हणाली, "बरं." ताई कधी रागावत नाही, ती 'बरं' म्हणते. तेव्हापासून फोन दोन मिनिटांचा झाला. "नवीन काय?" "काही नाही रे." "बरं, ठेवतो." आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटला होता. पंचवीस मिनिटांची दोन मिनिटं!

मग परवाच्या शनिवारी चारांपैकी एक कपाट बसलं. नेमकं जुन्या वर्षांचं. आतल्या डिस्का इतक्या पाठोपाठ गेल्या, की कंपनीच्या माणसाने येऊन बघितलं आणि नुसती मान हलवली. जुन्या पद्धतीत सगळं परत उभं करायला तीन दिवस लागले असते. मी तळघरातली बंद प्रत काढली, तुकडा न् तुकडा ताडून पाहिला, एकही तुकडा वाईट नाही, आणि पाच तासांत सदतीस वर्षं परत उभी केली. सोमवारी सकाळी बाहेरच्या रांगेतल्या कुणाला काही कळलंसुद्धा नाही. मोठ्या साहेबांनी सभेत टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. म्हणूनच मी मंगळवारी खुशीत होतो. म्हणूनच ती चिठ्ठी अर्धा तास टेबलावर तशीच पडू दिली. आणि मग 'मार्च' हा शब्द कुठेतरी आतून वर आला. वर्षं बंद केली फेब्रुवारीत. दुरुस्ती मार्चमधली, म्हणजे शनिवारी मी उभ्या केलेल्या प्रतीत ती नव्हतीच. केस नंबर मी आता पाहिला: बावीस वर्षांपूर्वीचा.

बाईंची खोली तळमजल्यावर, धोबीघराच्या मागे आहे. मी त्या इमारतीत नऊ वर्षं काम करतो आणि त्या खोलीत दोनदा गेलो असेन, दोन्ही वेळा प्रिंटरसाठी. आत भिंतभर रजिस्टरं, जाड पुठ्ठ्याची, कण्यावर पांढऱ्या रंगात वर्षं लिहिलेली. धुतलेल्या चादरींचा ओलसर गरम वास. टेबलावर एक रजिस्टर उघडं, त्यावर लाकडी पट्टी आडवी ठेवलेली, ओळ चुकू नये म्हणून. "बसा साहेब," बाई म्हणाल्या. मी बसलो नाही. विचारलं, "तुम्ही जुन्या नोंदी बदलता?" "हो. रोज दहा-अकरा होतात." "रोज? कधीपासून?" "नऊ वर्षं झाली." त्यांनी सांगितलं ते असं. सोळा वर्षांपूर्वी हे सगळे कागद कॉम्प्युटरवर चढवले, ते कंत्राटी टायपिस्टांनी, पानाच्या भावाने, आठ महिन्यांत. टायपिस्टांनी मधला मजकूर टाईप केला. डॉक्टरांनी समासात लाल शाईने लिहिलेलं सोडून दिलं, कारण त्यांच्या फॉर्मवर समास नव्हता. आणि डॉक्टर समासात काय लिहायचे? हे औषध चालत नाही. या भुलीने श्वास अडकला. नऊ वर्षांपूर्वीच्या वैद्यकीय अधीक्षकांच्या हे लक्षात आलं. ते बाईंना म्हणाले, जमेल तसं तपासत राहा. मग ते निवृत्त झाले. "थांबा असं कुणी म्हणालं नाही," बाई म्हणाल्या, "म्हणून चालू ठेवलं." "मी पत्र पाठवलं होतं सगळ्या विभागांना," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच किरकिरा वाटला. "माझ्याकडे नाही आलं," त्या म्हणाल्या. "मी विभाग नाही ना."

मी विभाग नाही. हे वाक्य त्या इतक्या साध्या सुरात बोलल्या, की मला कुणावर तरी ओरडावंसं वाटलं आणि ओरडायला कुणी सापडेना. टायपिस्टांवर ओरडावं तर ते पांगले. अधीक्षकांवर ओरडावं तर त्यांनी एकट्यानेच योग्य काम केलं होतं. मोठे साहेब? 'उगाच कशाला' त्यांचं, पण त्यावर 'बरं' कोणाचं? ते कुलूप लावलं असतं तर फेब्रुवारीतच बाईंच्या पहिल्या दुरुस्तीला मशीनने नकार दिला असता, त्या तेव्हाच चिठ्ठी घेऊन आल्या असत्या, अर्ध्या तासात सगळं उघडं पडलं असतं. आणि मी विभागांना विचारत बसलो, मशीनला विचारलं नाही! कुठल्या नोंदीला शेवटचा हात कधी लागला, हे मशीनला माहीत असतं. पेशंट कधी आला यावरून मी नोंद जुनी ठरवली. जुनी म्हणजे न बदलणारी, असं मला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. मला घाई होती. मी हिशेब केला. फेब्रुवारी ते सप्टेंबर, रोजच्या दहा-अकरा, म्हणजे सतराशेच्या घरात. शेवटच्या पंधरा दिवसांतल्या बदलांची यादी मशीन ठेवतं, जागा वाचावी म्हणून पंधराच दिवस ठेवायची हेही माझंच डोकं, त्यातून शंभर-सव्वाशे परत मिळतील. उरलेली सोळाशे माणसं. "तुम्ही कुठल्या दुरुस्त्या कधी केल्या, याची वही आहे?" मी विचारलं. बाईंनी उघडं रजिस्टर माझ्याकडे वळवलं. समासातल्या प्रत्येक लाल ओळीशेजारी पेन्सिलीची बारीक बरोबरची खूण. नऊ वर्षांच्या सगळ्या खुणा सारख्याच. "तपासलं की खूण करते," त्या म्हणाल्या. "तारीख कशाला घालायची, असं वाटलं. एकदा बरोबर झालं की झालं." मीही तसंच म्हणालो असतो. चिठ्ठीवरचा माणूस, त्या म्हणाल्या, बसड्रायव्हर आहे. काल पाय चिरला म्हणून आला, नर्सने मशीनमध्ये पाहिलं तर काही नाही, ती इंजेक्शन भरणार तेवढ्यात तोच म्हणाला, मला ते चालत नाही. "त्याच्या लक्षात होतं म्हणून," बाई म्हणाल्या. "कितीकांना हे झालं तेव्हा ते पाळण्यात होते."

मोठ्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग दार लावायला सांगितलं. मग विचारलं, "हे किती जणांना माहीत आहे?" मला वाटलं होतं ते 'किती पेशंट' असं विचारतील. "बाईंना आणि मला," मी म्हणालो. "मग असं करू," ते म्हणाले, "बाईंना म्हणावं हळूहळू परत करा. नऊ वर्षं करतच होत्या. गाजावाजा नको. अहो, काल टाळ्या वाजवल्या आपण!" त्यांच्या टेबलावर काचेखाली कुठल्याशा समारंभाचा फोटो होता, त्यात मी मागच्या रांगेत अर्धा दिसतो. मला मूग गिळून बसायची चांगली सवय आहे. फेब्रुवारीत तेच केलं होतं. आणि खरं सांगतो, त्या मिनिटाला गप्प बसणं मला अगदी सोपं वाटलं, नुसती मान हलवायची होती. ज्याला लक्षात असेल तो सांगेल, ज्याला नसेल त्याचं हळूहळू होईल. पण नर्सच्या हातातली ती भरायला घेतलेली सिरिंज काही केल्या डोळ्यांसमोरून जाईना. "साहेब, तोवर कुणाला इंजेक्शन दिलं तर?" मी म्हणालो. "अपशकुनी बोलू नका," ते म्हणाले. मी माझ्या टेबलाशी आलो आणि सगळ्या वॉर्डांना, सगळ्या डॉक्टरांना सूचना लिहिली: पाच वर्षांहून जुन्या पेशंटच्या नोंदीत औषधाबाबत इशारा दिसत नसेल, तर इशारा नाही असं समजू नये, पेशंटला किंवा घरच्यांना विचारावं, शंका आल्यास तळमजल्यावर रजिस्टर पाहावं, ही चूक माझ्या योजनेतली आहे. खाली माझं नाव. बारा वाजून चाळीस मिनिटांनी पाठवली. तीन मिनिटांत मोठ्या साहेबांचा फोन वाजायला लागला. तो वाजत ठेवून मी खाली गेलो.

बाई डिसेंबरात निवृत्त होणार आहेत हे मला त्या दुपारी कळलं. "होईल तोवर," त्या म्हणाल्या, आणि मला त्यांच्या त्या शांतपणाचाही राग आला. माणसाने निदान एकदा तरी कपाळावर हात मारावा. आम्ही लहान मुलांपासून सुरुवात केली. त्या पट्टी सरकवत लाल ओळ वाचत, मी त्यांच्या मशीनवर ताडून पाहत आणि नसेल तर भरत होतो. अडीच वर्षांची मुलगी, सल्फा. चार महिन्यांचा मुलगा, भुलीचं औषध. पंधरा नोंदी तपासाव्यात तेव्हा एक गळलेली सापडे. म्हणजे गळलेली एक शोधायला बरोबर असलेल्या चौदा वाचाव्या लागत होत्या. सगळं पहिल्यापासून. दोन वाजता बाईंनी डबा उघडला. मी खिडकीशी गेलो, बाहेर दोरीवर चादरी होत्या, आणि ताईला फोन लावला.

"काय रे, या वेळेला? बरा आहेस ना?"

"बरा आहे. ताई, सगळं सांग."

"सगळं म्हणजे? नवीन काही नाही."

"नवीन नको. पहिल्यापासून सांग. टाकीपासून."

ती हसली. म्हणाली, तुला काय झालंय, ऊन लागलं का? मग तिने सुरुवात केली, आधी चाचपडत, मग तिच्या नेहमीच्या चालीत. टाकी आता गळत नाही. जिन्याचा दिवा लावला, पण आठ दिवसांत पुन्हा गेला, कोणी लक्ष देत नाही. गुडघा आहे तसाच, चढताना दुखतो. समोरचीच्या मुलाचा... मी तिला थांबवलं. जिना आणि गुडघा यांच्यामध्ये एक जागा होती. ती यादी मला पाठ होती.

"आणि मशीन?"

"मशीन दिलं मी," ती म्हणाली. "कोपऱ्यावरच्या शाळेतल्या मुलींना. शिकतात बिचाऱ्या."

"कधी?"

"एप्रिलमध्ये. सुईत दोरा ओवता येईना रे. डाव्या डोळ्याने आता काहीच दिसत नाही ना."

"ताई, तू मला सांगितलं नाहीस."

"सांगणार होते. त्या दिवशी तुझा फोन लागला नाही. दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, नवीन काय? पण ते तर कालचं झालं होतं."

खोलीत पाठमोऱ्या बाई जेवायच्या थांबल्या होत्या. मी विचारलं, "आणि उजवा?"

"उजव्याने दिसतं अजून. ऑपरेशन केलं तर राहील म्हणाले डॉक्टर. तारीख दिली होती, पण बरोबर कुणीतरी लागतं म्हणाले. मग ती गेली. पुढची घ्यायची आहे. ते काही नवीन नाही, जूनपासूनचंच आहे."

दोरीवरच्या चादरी वाऱ्याने एकदम फुगल्या आणि पडल्या. धोबीघरातलं मशीन थांबलं होतं.

"मी येतो उद्या," मी म्हणालो. "आता पुढे सांग. काही गाळू नकोस."